पेनिसिलिन वर्ज्य

६ ऑक्टोबर, अमरावती

सकाळीच अकोल्याहून फोन. सासरे भगवंतराव यांचा डावा पाय पुन्हा सुजला. लाल, तापलेला, चादर लागली तरी कळवळतात. या वर्षातली ही तिसरी खेप. आरतीने फोन ठेवला आणि थेट पिशवी भरायला घेतली. "तुम्हीपण चला. बाबा तुमचं ऐकतात," म्हणाली. हे खरं नाही. बाबा माझं ऐकून घेतात, एवढंच.

संपादकांना रजा मागितली. मोर्शीच्या संत्र्यांवरची माझी बातमी राहिलीच होती. ते म्हणाले, "जा जा, संत्री कुठे पळत नाहीत." इतकी वर्षं त्यांना काही ना काही पाठवतो आहे, पण माझ्या बातमीचं महत्त्व त्यांनी एवढ्या नेमकेपणाने प्रथमच सांगितलं.

७ ऑक्टोबर, अकोला

सासुरवाडीच्या दारावर पितळी पाटी आहे. श्री. भगवंतराव गावंडे, आणि खाली लाल रंगात कंसात: (पेनिसिलिन वर्ज्य). नवा माणूस ही पदवी समजतो. बाबांच्या गळ्यात तांब्याची पट्टी असते, तिच्यावरही हेच कोरलेलं. आमच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला दोन प्रश्न विचारले होते. नोकरी पक्की आहे काय, आणि पेनिसिलिन चालते काय. दोन्हींची उत्तरं मला ठाऊक नव्हती. लग्नानंतर आरतीने माझ्या दाताच्या डॉक्टरांकडे माझ्याही नावापुढे 'पेनिसिलिन चालत नाही' असं लिहवून घेतलं. घराण्यात आलो होतो ना.

या कुळाचाराचा उगम पार्वताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रत्येक आजारपणात नव्याने सांगतात. आज संध्याकाळी पुन्हा सांगितला.

"नवीनच लगन झालं होतं. यायचा घसा सुजला, ताप. गुलाम नबी तवा डाक्टराच्या हाताखाली कंपाऊंडर होता. त्यानं सुई देली. तिसऱ्या दिशी माणूस असा उतला, बाप्पा. गळ्याभोवती फोड, कमरेभोवती फोड. माळ घातल्यावानी. म्या तर नजरेचे उतारे करू करू थकली."

गुलाम नबी हे समोरच्याच गल्लीतले. त्या प्रकारानंतर त्यांनी कंपाऊंडरकी सोडली आणि गाद्या-उशांचं दुकान काढलं. आजही रोज सकाळी चहाला येतात. बाबाही रोज कप हातात देताना विचारतात, "नबी, याच्यात काई टाकलं तर नाई ना?" नबीभाई रोज हसतात. मी आज नीट पाहिलं. ते हसणं चहा येण्याच्या आधीपासूनच तयार ठेवलेलं असतं.

९ ऑक्टोबर

बाबांना दवाखान्यात दाखल केलं. तिथे त्यांना पाहणारी डॉक्टर तहरीम ही नबीभाईंचीच नात. याच गल्लीत लगोरी खेळलेली, त्यामुळे बाबा तिला डॉक्टर मानतात तेही उपकार केल्यासारखे. तिने सांगितलं की पायाच्या कातडीत जंतू शिरतात. त्यांच्यावरचं साधं, सोपं, जुनं औषध पेनिसिलिन. ते चालत नसेल तर दुसऱ्या वाटा धरायच्या.

पहिली वाट पोटातून गेली. गोळी सुरू झाल्यापासून बाबा पलंगापेक्षा संडासात जास्त असतात.

"हेबी चालत नाई मले," ते आतूनच म्हणाले. "लिवून घे, तहरीम. अ‍ॅलर्जी."

"आजोबा, ही अ‍ॅलर्जी नाही. हा त्या गोळीचा दुष्परिणाम आहे. कोणालाही होऊ शकतो."

"कोणालेबी?" बाबांचा आवाज पडला. जे कोणालाही होतं त्यात त्यांना रस नाही.

मी कॉलेजात संस्कृत आणि न्यायशास्त्र शिकलेला. तिला म्हटलं, आमच्या शास्त्रात याला साधारण धर्म म्हणता येईल, आणि अ‍ॅलर्जी म्हणजे विशेष धर्म. ती म्हणाली, "काका, म्हणा. पण पाणी पाजा त्यांना."

१४ ऑक्टोबर

दुसरी वाट उन्हाने अडवली. या नव्या गोळीवर ऊन टाळा, असं तहरीमने बजावलं होतं. बाबा दवाखान्याच्या गच्चीवर दुपारभर पेपर वाचत बसले. "ऊन कुठं व्हतं," म्हणतात. ऑक्टोबरमध्ये, अकोल्यात. चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा झाला आहे. आरतीने काकडी किसून थापली. ती त्यांनी अर्धी खाल्ली.

तहरीम म्हणाली, हीसुद्धा अ‍ॅलर्जी नाही. औषध आणि ऊन मिळून होतं.

बाबा: "मंग काय उनाची अ‍ॅलर्जी हाय काय?"

१६ ऑक्टोबर

तिसरी वाट सलाईनमधून. ती हळूहळू सोडायची होती. पण सलाईन जोरात गेली की गुण लवकर येतो, अशी आपल्याकडे सर्वांची पक्की समजूत. बाबांनी नर्सची पाठ फिरल्याबरोबर चाक स्वतःच मोकळं केलं. थोड्याच वेळात मान, छाती, कान सगळं लाल. बाबा खाजवत बसले होते, पण चेहऱ्यावर असं समाधान की जणू बारशाला बसलेत.

तहरीमने चाक आवळलं. लाली ओसरली. "ही वेगाची करामत आहे, आजोबा. औषध हळू दिलं की होत नाही. अ‍ॅलर्जीचा नुसता वेश घेतला होता हिने."

मला हा वेश फार आवडला. आभास म्हणतात त्याला. शिंपला चांदी वाटतो तसा. बाबांना मात्र नाही आवडला. तीन औषधं झाली, तीन त्रास झाले, आणि पट्टीवर कोरावं असं त्यातलं एकही निघालं नाही.

२० ऑक्टोबर

आज गंमत नाही.

पाय उतरला, घरी पाठवतो, असं सांगून तहरीमने आरतीला आणि मला बाहेर घेतलं. म्हणाली, पाय दरवेळी थोडा जास्त बिघडून उतरतो आहे. पुढच्या वेळी जंतू रक्तात गेले तर बाबांच्या वयाला ते झेपेल असं ती सांगू शकत नाही. यावर खात्रीचा उपाय एकच. दर महिन्याला पेनिसिलिनचं एक इंजेक्शन.

आरती म्हणाली, "पण त्यांना तर..."

"तेच तपासू या ना, आत्या. लहानपणी किंवा तरुणपणी ज्यांना 'चालत नाही' म्हणून सांगितलेलं असतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते चालतं. कधी ती अ‍ॅलर्जी नव्हतीच, कधी होती ती वर्षांनी गेली. दवाखान्यात, सगळी तयारी ठेवून, अगदी थोड्या मात्रेपासून देऊन पाहायचं. घरी कोणी करायचं नाही हे."

घरी बैठक बसली. बाबा पाय उशीवर ठेवून म्हणाले, "इतके वर्सं जपलं म्या. आता म्हणता नव्हतंच?"

मी त्यांना काकतालीय न्याय समजावला. कावळा ताडाच्या झाडावर बसला आणि त्याच क्षणी ताडफळ पडलं, म्हणजे ते कावळ्याने पाडलं असं होत नाही. सुईनंतर फोड आले, म्हणून सुईने आले असं सिद्ध होत नाही. फार सुरेख बोललो मी. बाबा म्हणाले, "जवाईबापू, अकोल्यात ताडाचं झाड कुठं हाय?"

नबीभाई दाराशीच बसले होते. उठताना एवढंच म्हणाले, "भगवंता, बच्चीच्या हातून नको करू. कुछ हुआ तो? आमच्या घरात एक बस झाला."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. आज चहात काही टाकलं काय, हे विचारायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

२६ ऑक्टोबर

बाबा तयार झाले. माझ्या न्यायाने नव्हे. आरती त्यांच्या पायाशी बसून काही न बोलता तासभर मलम लावत राहिली, त्याने.

परवा तपासणी. सासूबाई वरकरणी गप्प आहेत, पण त्यांची तयारी वेगळीच चालली आहे. माहेरी, परतवाड्याला, भावाला सांगून मेळघाटातले ताजे बिब्बे मागवले. दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला नजर लवकर लागते, त्यात डॉक्टरांची सगळ्यात वाईट, कारण ते निरखून पाहतात. हातांना खोबरेल चोळून त्यांनी तापलेली सुई बिब्ब्यातून आरपार घातली. काळा चिकट रस निघाला. त्यातून दोरा ओवून बाबांच्या गळ्यात एक बांधला, कमरेला एक. उरलेला माझ्या कमरेला.

"मला कशाला?"

"तुमी बोलता फार. तुमाले पयले लागीन."

दोरा ओला होता, जरा चिकटला. आरतीने मात्र बांधू दिला नाही. आईचं ती लहानपणापासून ऐकत नाही.

संस्कृतात बिब्ब्याला भल्लातक म्हणतात. अरुष्कर असंही एक नाव कोशात पाठ केलेलं आठवतं. ते का पडलं, ते या घटकेला आठवत नाही. पाहिलं पाहिजे कधीतरी.

२८ ऑक्टोबर

तपासणी झाली. आधी हातावर सुईचं नुसतं टोक. मग कातडीत बुडबुड्याएवढं औषध. मग तोंडाने थोडी मात्रा, मग पुरी. प्रत्येकानंतर वाट पाहणं. शेजारी इंजेक्शनं भरून ठेवलेली, ऑक्सिजन, सगळं. बाबांनी दोरे काढायला नकार दिला, तहरीमने वाद घातला नाही.

बाबा स्वतःच स्वतःची नाडी धरून बसले होते. मधूनमधून विचारत, "आलं काय काई?" नर्स म्हणे, नाही. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा निकाल न लागलेल्या विद्यार्थ्यासारखा झाला. बाहेर बाकावर नबीभाई तसबीहची माळ फिरवत बसलेले. मी जाऊन सांगितलं, काही झालं नाही. ते म्हणाले, "अभी नहीं हुआ." त्या वेळी तिसऱ्या दिवशीच तर झालं होतं.

इतक्या वाट पाहण्याने माझं डोकं दुखलं. डोकेदुखीची गोळी घेतली.

३० ऑक्टोबर

झालं.

सकाळी बाबांच्या गळ्याभोवती फोड. कमरेभोवती फोड. पाण्याने भरलेले, आग होणारे. "पाह्य," ते आरशासमोर म्हणाले, "हुबेहूब तेच." कळवळत होते, पण आवाजात असा काही अभिमान की मला दोन्ही ऐकू येत होतं. सासूबाई म्हणाल्या, "म्या काय म्हणत होती." आरती मोरीत जाऊन रडली. या घरात सगळ्यांना जिंकल्यासारखं वाटत असताना हरलो आहोत हे कळलेली ती एकटीच. कारण आता उपाय उरला नाही. पुढच्या वेळी पाय सुजला की फक्त देवाचं नाव.

नबीभाई चहाला आले नाहीत. दुकानाचं शटरही उघडलं नाही.

इथे एक गोष्ट लिहितो. ती अजून कोणाला सांगितलेली नाही. मलाही कमरेला फोड आले आहेत. रात्रभर आग होत होती. मी पेनिसिलिन घेतलेलं नाही, घेतली ती फक्त डोकेदुखीची गोळी, जी मी कॉलेजपासून घेतो. म्हणजे मलाही ती चालेनाशी झाली. सहवासाने गुण लागतात असं शहाणे म्हणतात. अ‍ॅलर्जी लागत नाही असं कोणी म्हटलेलं नाही. कदाचित ही कुळाचाराची बाब असेल आणि जावयापर्यंत पोचायला तिला एवढी वर्षं लागली असतील. पाटीवर जागा आहे.

३१ ऑक्टोबर

सगळे तहरीमकडे गेलो. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. बाबांचे फोड पाहून तिने मान खाली घातली. मग पुन्हा पाहिलं. गळ्याभोवती बोट फिरवलं, न टेकवता.

"छातीवर नाही, पाठीवर नाही. औषधाने अंगावर आलं तर ते असं ओळीत नसतं, आजोबा."

तेवढ्यात मी खाजवलं. तिने पाहिलं.

"काका, तुम्हाला काय झालं?"

मी संकोचलो. सासूबाईंसमोर सदरा वर करण्याचा प्रसंग माझ्यावर लग्नातही आला नव्हता. शेवटी केला.

"तुम्ही कुठलं औषध घेतलं?"

"डोकेदुखीची गोळी."

"आजोबांनी पेनिसिलिन, तुम्ही डोकेदुखीची गोळी. आणि दोघांनाही जिथे दोरा तिथेच फोड." ती वळली. "आजी, या दोऱ्यात काय आहे?"

"काय असन? बिब्बा. नजरेचा."

"ओला?"

"माहेरचा हाय. वाळका काय कामाचा."

तहरीमने फार हळू विचारलं, "आजी, नवीन लग्न झालं तेव्हा, घसा सुजला तेव्हा, बांधला होता?"

सासूबाईंनी पदर खांद्यावर नीट केला. "बांधल्याबिगर सुईले पाठवीन काय म्या माह्या नवऱ्याले?"

बाबांनी बायकोकडे पाहिलं, मग गळ्यातल्या तांब्याच्या पट्टीकडे. पट्टी आणि दोरा एकमेकांत गुंतले होते.

"म्हंजे मले अ‍ॅलर्जी नाई?" त्यांनी विचारलं. इतक्या एकट्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तहरीम लगोरी खेळलेली मुलगी, तिला माणसं कळतात. म्हणाली, "आहे ना, आजोबा. बिब्ब्याची आहे. ही खरी अ‍ॅलर्जी, वेश नाही, वेग नाही, ऊन नाही. यापुढे बिब्ब्याला हात लावायचा नाही."

बाबा जरा ताठ बसले.

रात्री कोश पाहिला. अरुस् म्हणजे जखम. जखम करणारा तो अरुष्कर. हे मला कधीकाळी पाठ होतं. कमरेला दोरा बांधून घेतला त्याच दिवशी मी हे नाव इथे लिहूनही ठेवलं होतं. कामात बिब्बा घालणे या वाक्प्रचारावर कोटी करण्याचा मोह मी आवरतो. आग फार होते आहे.

१ नोव्हेंबर

बाबांनी चप्पल घातली. आरती म्हणाली, पाय वर ठेवायचाय, कुठे निघालात? ते दाराबाहेर पडलेही होते. मी मागून गेलो.

नबीभाईंचं शटर अर्धं वर होतं. बाबा वाकून आत गेले आणि उभे राहिले. नबीभाई गादीत कापूस भरत होते, त्यांनी हात थांबवले नाहीत. तहरीमने घरी सांगितलं असणारच. दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि बोलायचं कोणी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी बाबा म्हणाले, "एक उशी दे."

"कौनसी?"

"पाय वर ठेवायले. डाक्टरनं सांगतलं."

"कोनत्या डाक्टरनं?"

"तुह्या नातीनं, दुसऱ्या कोनत्या."

नबीभाईंनी फळीवरच्या उशा चाचपल्या. एक खाली काढली, परत ठेवली, दुसरी काढली. तिच्यात आणखी दोन मुठी कापूस कोंबला. बाबा म्हणाले, "नबी, याच्यात काई टाकलं तर नाई ना?" आणि मग ते थांबले, कारण तोंडातून सवयीने निघून गेलं होतं.

नबीभाई हसू लागले. हे हसणं तयार ठेवलेलं नव्हतं. खोकला लागेपर्यंत ते हसत राहिले. मग सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, "डाला ना. कापूस डाला."

२४ नोव्हेंबर

मधले दिवस अमरावतीत गेले. फोड सुकले, डाग राहिले. माझ्या कमरेवर अर्धवर्तुळ आहे. दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन नावापुढचं 'पेनिसिलिन' खोडायला सांगितलं, तर ते म्हणाले, आधी तपासून घ्या. बरोबरच आहे.

तहरीमने दोऱ्याविना पुन्हा तपासणी केली. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी बाबांनी स्वतः फोन करून सांगितलं, "काईच नाई," हवामानखात्याच्या सुरात.

आज महिन्याचं पहिलं इंजेक्शन, म्हणून पुन्हा अकोल्यात. बाबा खाटेवर पालथे झोपले आणि म्हणाले, "नबीले आत बोलवा."

नर्स म्हणाली, बाहेरच्या माणसाला चालत नाही.

"तो बाहेरचा नाई. पयली त्यानंच देली होती."

सुई अर्थातच नर्सनेच दिली. नियम तो नियम. हे इंजेक्शन घट्ट असतं, दुखतं. बाबांनी उशीत तोंड खुपसून एक शिवी दिली, ती कोणाला होती ते कळलं नाही. सुई निघाल्यावर नर्सने कापसाचा बोळा पुढे केला, तर नबीभाईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि जागेवर धरला. अंगठ्याने, मधोमध, जसा शिकवलेला असतो.

"दाबून धर," बाबा म्हणाले.

"मालूम है मेरेको."

दोघे तसेच राहिले. रक्त केव्हाच थांबलं होतं.

३० नोव्हेंबर, अकोला

रविवार म्हणून आलो. बाबांचा पाय बारीक झाला आहे, चपलेत मावतो. पेंटर येऊन गेला होता. पाटीवर आता श्री. भगवंतराव गावंडे, आणि खाली लाल रंगात कंसात: (बिब्बा वर्ज्य). पट्टीही उलटी करून कोरून घेतली. नव्याने भेटणाऱ्याला ते आता सांगतात की पेनिसिलिनचं काय, ते कोणालेबी चालते.

सासूबाई माझ्याशी जरा फुगून आहेत. सदरा मी वर केला नसता तर काही निघालं नसतं, असं त्यांचं म्हणणं. ते न्यायाला धरून आहे.

दारावर दर शनिवारी त्या लिंबू-मिरची बांधतात. वर लिंबू, मग मिरच्या आणि सगळ्यात खाली बिब्बा, हा क्रम मी लग्नापासून पाहतो आहे. निघताना सहज नजर गेली. वर लिंबू होतं, मिरच्या होत्या. खाली, काळ्या दोऱ्यात घट्ट आवळलेली, पेनिसिलिनची रिकामी बाटली.